इंग्रजीचा उतारा

इंग्रजीत एकमेकांशी गल्लत होणाऱ्या शब्दांची यादी हा छापखान्यांचा जुना आणि हमखास खपणारा माल आहे. ॲफेक्ट आणि इफेक्ट, डेअरी आणि डायरी, स्टेशनरी आणि स्टेशनरी. (शेवटची जोडी छापताना चूक झालेली नाही. ती तशीच आहे, तिच्याकडे येऊच.) या यादीचा एक स्वभाव असतो. तिच्यात सगळ्या चुका वर्णानुक्रमे एका रांगेत उभ्या असतात. ज्या चुकीनं माणसाची जमीन जाऊ शकते ती आणि ज्या चुकीनं फक्त शेजारच्या बाकावरचा फिदीफिदी हसतो ती, दोघींना सारखाच मान, सारखाच ठळक टाइप आणि मास्तरांच्या पेनातली सारखीच लाल शाई. परिणामी वाचणाऱ्याला वाटतं की इंग्रजी ही सगळीकडून सारखीच धोकादायक भाषा आहे, आणि तो तोंड बंद ठेवतो. माझं म्हणणं एवढंच आहे की या चुकांची प्रतवारी लाजेवर न करता नुकसानीवर करावी. कोणत्या चुकीनं वजन, पैसा, तारीख किंवा जीव यांपैकी काही इकडचं तिकडं होतं, तेवढं आधी बघावं. आणि ही प्रतवारी करायला ऑक्सफर्डपेक्षा ढोकी हे गाव जास्त सोयीचं आहे.

ढोकी म्हणजे धाराशिव तालुक्यातलं, लातूर-बार्शी रेल्वेमार्गावरचं गाव. तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्यामुळं त्याचं नाव लांबपर्यंत माहीत. ऊस, कारखाना, बँक, सातबारा, पीकविमा आणि रेल्वे एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की इंग्रजी शब्दांना तोटा नसतो. ही इंग्रजी आधी कामातून आली, शाळेतून मागाहून. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ उजाडेपर्यंत इथल्या माणसाला साहेबाच्या भाषेत नव्हे, निजामाच्या भाषेत अर्ज करावा लागे. रूळ मात्र इंग्रजीत बोलत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये धावू लागली आणि वाढत वाढत १९११ मध्ये लातूरला पोचली. त्या नावातल्या लाइटचा दिव्याशी काही संबंध नव्हता. अडीच फुटी रुळांवरची हलकी गाडी, एवढाच अर्थ. कुर्डुवाडी स्टेशनाचं नाव तेव्हा बार्शी रोड. कोशात रोड म्हणजे रस्ता. रेल्वेच्या कोशात रोड म्हणजे पाटीवर ज्या गावाचं नाव आहे ते गाव इथं नाही, अजून बरंच जायचंय. याच मार्गावर आजही औसा रोड नावाचं स्टेशन आहे आणि तिथं उतरून औसा कुठं दिसत नाही म्हणून कोणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. शिवाय गाड्यांच्या अप आणि डाऊनमधून मराठीनं अप-डाऊन करणं हे स्वतःचं क्रियापद काढलं. मास्तर लातूरहून रोज अप-डाऊन करतात, हे वाक्य एखाद्या इंग्रजाला शब्दशः सांगितलं तर मास्तर व्यायामाचे शौकीन आहेत असं त्याला वाटेल. वाटो. मास्तर वेळेवर शाळेत पोचतात की नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि तो भाषेचा नाही.

आता स्टेशनरी. इंग्रजीत त्या दोन आहेत. एक वह्या-पेनांची, तिच्या स्पेलिंगात शेवटून तिसरं अक्षर ई. दुसरी जागच्या जागी उभी राहिलेली, तिच्यात त्याच ठिकाणी ए. एन्व्हलपमधला ई तो कागदांचा, अशी खूण शिकवली जाते आणि परीक्षेपुरती ती चांगली आहे. पण मुळात दोघी एकाच घरच्या. मध्ययुगातल्या युरोपीय विद्यापीठांच्या आसपास फिरते विक्रेते पुष्कळ असत. त्यांच्यात जो एका जागी ठाण मांडून बसे, तो स्टेशनर. तो पुस्तकं आणि कागद विकायचा म्हणून त्याच्या मालाचं नाव स्टेशनरी. म्हणजे ढोकीच्या स्टेशनाजवळ जागचं न हलता वह्या विकणारा दुकानदार या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी जगत असतो, आणि त्याच्या पाटीवर देवनागरीत जे लिहिलेलं असतं ते दोन्हींना पुरतं. देवनागरीनं ही गल्लत मिटवली असं नाही; देवनागरीला ती कधी दिसलीच नाही. कारण ती कानाची गल्लत नव्हतीच, स्पेलिंगची होती. कॅक्स्टननं १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना घातला, स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली, आणि नेमक्या त्याच काळात लोकांचे दीर्घ स्वर सरकत होते. तोंड एकीकडं गेलं, छापील अक्षर तिथंच बसून राहिलं. त्यात पंडितांनी हात घातला. कर्जाला डेट म्हणतात त्यात बी उच्चारला जात नव्हता, लिहिलाही जात नव्हता. लॅटिनमध्ये आहे म्हणून विद्वानांनी तो मागाहून खोवला. आयलंडमधला एस तर त्याहून गमतीचा. बेटाच्या दुसऱ्या एका शब्दात तो होता, म्हणून ज्या शब्दाचं त्याच्याशी काही नातं नव्हतं त्यातही बसवला. आपण शुद्ध स्पेलिंग म्हणून जे घोकतो त्यातलं थोडंबहुत ही कुण्या जुन्या पंडिताची अशुद्धी आहे. त्यानं ती न लाजता केली, म्हणून ती टिकली.

आपल्या चुका वेगळ्या जातीच्या आहेत, कारण आपला कान वेगळा. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घानं अर्थ बदलत नाही. बदलतो तो लिहिताना, आणि तोही मोजक्या ठिकाणी. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे बिचारा, हे दोन शब्द बोलताना वेगळे करून दाखवणारा माणूस सहसा निवृत्त झालेला असतो. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा असं १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ठरवलं, ते कानाचा सल्ला घेऊन नव्हे, सोय म्हणून. असा कान घेऊन आपण इंग्रजीत गेलो की जहाज आणि मेंढी एकाच आवाजात हाक मारल्यासारखी येतात. साखर कारखान्यात याचा एक नामी नमुना आहे: चिटबॉय. ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा, शेतकऱ्याच्या फडापासून कारखान्याच्या यादीपर्यंत ज्याच्या शब्दाला वजन, तो चिटबॉय. चिट हा शब्द इंग्रजीनं आपल्याच चिठ्ठीवरून नेला. म्हणजे चिठ्ठी परदेशी जाऊन, शेवटचं अक्षर तिकडंच टाकून, चिट होऊन कारखान्यात नोकरीला परत आली. आता तिचा चि थोडा लांबला की इंग्रजीत तो फसवणारा पोरगा होतो. तोड लांबली की काही शेतकरी तो मुद्दाम लांबवतातही म्हणे, पण ती उच्चाराची चूक मानता येणार नाही. लूजचंही असंच. इंग्रजीत सैल म्हणजे लूस, गमावणं म्हणजे लूझ. आपण दोन्हींना लूजमध्ये कोंबलं आणि त्याला मोशन जोडून दवाखान्यात दिलं. संसदेत मोशन लॉस्ट झालं म्हणजे प्रस्ताव पडला, आणि दवाखान्यात मोशन लूज झालं म्हणजे माणूस आडवा पडला. डॉक्टर यापैकी कोणत्या प्रकारचं मोशन आहे हे विचारत नाहीत, सलाईन लावतात.

इथं पहिला आक्षेप येतो: एकाच आवाजात दोन-तीन अर्थ कोंबले तर घोटाळा होणारच ना? याचं उत्तर द्यायला इंग्रजी लागतच नाही. उतारा हा शब्द घ्या. तलाठ्याकडं मिळतो तो सातबाराचा उतारा. कारखान्यात शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली तो साखरेचा उतारा. परीक्षेत वाचून प्रश्न सोडवायचा तो उतारा. साप-विंचवाच्या विषावर उतारा. दृष्ट लागली तर उतरून टाकायचा तो उतारा, जो तिन्हीसांजेला तिठ्यावर दिसला की माणूस वळसा घालून जातो. ढोकीतला माणूस एका दिवसात यातले तीन उतारे हाताळतो आणि तलाठ्याकडं जाऊन विंचवाचं औषध मागत नाही. इंग्रजी रिकव्हरीचंही हुबेहूब तसंच. कारखान्यात रिकव्हरी म्हणजे साखरेचा उतारा, बँकेत रिकव्हरी म्हणजे वसुली, दवाखान्यात रिकव्हरी म्हणजे पेशंटला आराम पडणं. आणि तिन्हींचा आपसात संबंध नाही असं समजू नका. २०२२-२३ च्या हंगामापासून उसाच्या दराचा हिशेब १०.२५ टक्के उताऱ्याच्या पायावर होतो, त्यावर चढत्या उताऱ्याला वाढीव पैसे. कारखान्याची रिकव्हरी घसरली की दर घसरतो, दर घसरला की बँकेची रिकव्हरी घसरते, आणि बँकेचा माणूस दारात दिसला की पेशंटची रिकव्हरी घसरते. शुगर तर याहून नाजूक. या भागात खासगी कारखान्याला नुसतं शुगर म्हणतात. कळंब तालुक्यात रांजणीला नॅचरल शुगर आहे. तेव्हा त्यांना शुगर आहे म्हटलं तर माणूस पेशंट ठरतो आणि त्यांची शुगर आहे म्हटलं तर मालक. एका विभक्तीच्या प्रत्ययावर एवढा मोठा सामाजिक फरक पेलण्याची ताकद ज्या भाषेत आहे, तिला दोन सारख्या इंग्रजी शब्दांचं ओझं होईल असं वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त सोवळ्यातला आहे. शब्द उसना घेतला तर तो मालकाच्या रीतीनं वापरावा, त्याची मोडतोड करू नये, असं म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांना निजामाच्या मुलखात तरी हे म्हणणं शोभत नाही. गरीब या अरबी शब्दाचा मूळ अर्थ परका, अनोळखी. तमाशाचा मूळ अर्थ मिळून फेरफटका मारणं. असामी हा मुळात नामांचा अनेकवचनी शब्द. आपण त्याचा एक माणूस केला, आणि तोही बहुधा वजनदार. उमराव आणि औलाद हीसुद्धा मुळात अनेकवचनंच. यांची शुद्ध अरबी रूपं लिहा असा प्रश्न दहावीला येत नाही, आणि गरीब म्हणजे परका असं धरून कोणी शिधापत्रिका नाकारत नाही. फारसी-अरबीला आपण जे केलं तेच इंग्रजीला करतोय. फक्त इंग्रजीचा मालक अजून खुर्चीत बसलेला आहे असं आपल्याला वाटतं, म्हणून हात थरथरतो. तो मालकही फारसा शुद्ध नाही. उसाच्या दराला जे एफआरपी म्हणतात त्यातला आर म्हणजे रिम्युनरेटिव्ह, किफायतशीर. हा शब्द भले भले इंग्रज रिन्युमरेटिव्ह असा उलटा म्हणतात आणि तिकडच्या गल्लतीच्या याद्यांमध्ये त्याची जागा पक्की आहे. २००९ मध्ये ऊस नियंत्रण आदेशात हा शब्द आला, तेव्हापासून शेतकऱ्यानं त्यातली भानगड ओळखून तीन अक्षरांवर भागवलं. एफआरपी थकली, एफआरपी मिळाली, एफआरपीवर व्याज द्या. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हे ज्याला तोंडपाठ आहे त्याला एम आणि एनची जागा माहीत नसली तर त्याचं नेमकं काय बिघडलं?

इथवर मी चुका माफ करत आलो. आता ज्या माफ करण्यासारख्या नाहीत त्यांच्याकडं येतो, कारण गंमत म्हणजे गल्लतीच्या याद्यांमध्ये त्या बहुधा नसतात, किंवा शेवटच्या पानावर असतात. लेसर आणि लेसी घ्या. लेसर म्हटलं की आपल्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवतं. करारात मात्र लेसर म्हणजे भाडेपट्ट्यानं देणारा आणि लेसी म्हणजे घेणारा. तेरणा कारखाना बरीच वर्षं बंद राहिला, थकलेल्या कर्जापोटी बँकेच्या ताब्यात गेला आणि पुढं भाडेतत्त्वावर चालवायला दिला गेला; ज्या गावानं हे पाहिलं त्याला लेसर कोण आणि लेसी कोण हा व्याकरणाचा प्रश्न म्हणून शिकवायची गरज नाही. गहाणखतात याहून वाईट. मॉर्गेजी म्हणजे कर्ज घेणारा शेतकरी असं कुणालाही वाटावं, कारण शेवटचा ई बिचारा दीनवाणा वाटतो. पण मॉर्गेजी ही बँक. जमीन गहाण टाकणारा तो मॉर्गेजर. नियम सोपा आहे: शेवटी ई असेल त्याच्या पदरात पडतं. ट्रेनीच्या पदरात ट्रेनिंग, लेसीच्या पदरात ताबा, मॉर्गेजीच्या पदरात तुमचा गट नंबर. ही जोडी ज्यानं पाठ केली त्यानं स्टेशनरी आयुष्यभर चुकवली तरी चालेल. आणि याच जागी मराठी दस्तऐवजाचं कौतुक करायला हवं. लिहून देणार आणि लिहून घेणार. चार शब्द, पण देणं-घेणं क्रियापदातच असल्यामुळं सही करणाऱ्याला निदान आपण कोणत्या बाजूला उभे आहोत एवढं तरी कळतं. वकिलांच्या भाषेत स्पष्टपणा असू शकतो याचा हा दुर्मिळ पुरावा आहे.

दुसरी जोडी वारसनोंदीची. इंग्रजी अर्जात मयताला डिसीस्ड म्हणतात आणि आजाऱ्याला डिझीज्ड. आपल्या उच्चारात दोघंही डिसीज होतात, आणि घाईत भरलेल्या अर्जात खाटेवरचा माणूस मयत होऊ शकतो किंवा मयत माणूस नुसता आजारी राहून वारसांना ताटकळत ठेवू शकतो. मराठीत मयत म्हणजे मयत. त्यात सुधारणेला वाव नाही. तिसरं उदाहरण पीकविम्याचं. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आली आणि गारपीट किंवा काढणीनंतरच्या पावसानं नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवायचं, ही अट गावोगाव पोचली. या कळवण्याला कचेरीच्या इंग्रजीत इंटिमेट करणं म्हणतात. आता इंटिमेटचा कोशातला दुसरा अर्थ जवळीक, सलगी. क्रियापदाचा उच्चार वेगळा आणि विशेषणाचा वेगळा, पण स्पेलिंग एकच. पावसात सोयाबीन भिजलेल्या शेतकऱ्यानं विमा कंपनीशी ७२ तासांत जवळीक साधावी अशी योजनेची अपेक्षा नसावी, आणि कंपनीच्या टोल फ्री नंबरवर ताटकळलेल्या माणसाला तशी इच्छाही राहत नसावी. इथं शब्दाच्या गमतीवर हसून घ्यावं, पण ७२ हा आकडा आणि कळवणं हे क्रियापद चुकू नये, कारण पैसे त्या दोन गोष्टींवर अवलंबून असतात. बायमंथली हा आणखी एक असाच बेभरवशाचा इसम. महिन्यातून दोनदा आणि दोन महिन्यांतून एकदा, दोन्ही अर्थ इंग्रजी कोश देतात आणि हात वर करतात. इथं शुद्ध वापर असा काही नाहीच. करारात हा शब्द दिसला की खोडायचा आणि तारखा लिहायच्या, एवढाच शुद्ध वापर.

जिवाशी खेळ असलेली एक जोडी तेवढी राहिली. साखर कारखान्यांच्या भागात स्पिरिट आणि इथेनॉलचे टँकर रस्त्यावर नेहमीचे. त्यांच्या पाठीवर कुठं फ्लेमेबल लिहिलेलं असतं, कुठं इन्फ्लेमेबल. शाळेत शिकलेल्या नियमानं चाललं तर करेक्ट आणि इनकरेक्ट, व्हिजिबल आणि इनव्हिजिबल, तसं फ्लेमेबल म्हणजे पेटणारं आणि इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं. प्रत्यक्षात दोन्हींचा अर्थ एकच, झटकन पेटणारं. इथं नियम न जाणणारा अडाणी टँकरपासून लांब उभा राहतो आणि नियम जाणणारा हुशार जवळ जाऊन बिडी शिलगावतो. अमेरिकेतल्या आगप्रतिबंधक संघटनेनं १९२० च्या दशकातच तो इन काढून टाका असा धोशा लावला होता, कारण भाषेची शुद्धता त्यांना आगीनंतर उरलेल्या राखेत मोजावी लागत होती. बेंजामिन ली व्होर्फ हा भाषाशास्त्रज्ञ पोटापाण्यासाठी हार्टफर्डच्या एका आगविमा कंपनीत तपासनीस होता. पेट्रोलची रिकामी पिंपं या शब्दांतल्या रिकामेपणावर विसंबून लोक निष्काळजी होतात आणि आत उरलेली वाफ भडका घेते, हे त्यानं नोंदवून ठेवलं. विद्यापीठात बसून शब्दांचा अभ्यास करणारे खूप असतात. कोणत्या शब्दानं किती रुपयांची आग लागली हे मोजणारा एखादाच. गल्लतीच्या शब्दांचं पुस्तक अशा माणसाकडून लिहून घ्यायला हवं होतं.

मग नोकरीचं काय, परीक्षेचं काय, मुलाखतीचं काय, हा तिसरा आक्षेप, आणि हा मात्र खरा आहे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ढोकीतल्या मुलीनं पुण्यात अर्ज केला आणि त्यात कॉम्प्लिमेंटच्या जागी कॉम्प्लिमेंट लिहिली (पुन्हा तेच, देवनागरीत दोघी जुळ्या), तर तिचा अर्ज बाजूला पडू शकतो. पडणं अन्याय आहे हे कबूल, पण म्हणून तिला ती जोडी शिकवू नये असं माझं म्हणणं नाही. स्पेलिंग हे तिकीट आहे; गाडी त्यावर चालत नाही, पण तपासनीस आला की दाखवावं लागतं. तेव्हा ते जवळ ठेवावं, वेळेवर काढावं आणि प्रवासभर छातीशी धरून बसू नये. शिकवणाऱ्यानं मात्र हा फरक उघड सांगितला पाहिजे. ॲफेक्ट-इफेक्ट चुकलं तर एक गुण जाईल. लेसर-लेसी चुकलं तर एकर जाईल. हे वाक्य वर्गात लिहिलं तर पोरं दुसरी जोडी पहिल्याच दिवशी पाठ करतील. लाल शाईसुद्धा दोन रंगांत हवी. डेअरीच्या जागी डायरी लिहिणाऱ्या मुलाला फिका रंग पुरे, कारण दुधाचा कॅन घेऊन डायरीत गेलेला माणूस अजून जन्मायचा आहे. आणि खरं पाहिलं तर डेअरीत दुधाचा हिशेब डायरीतच असतो.

इतकं ऐकल्यावर कोणीतरी म्हणतंच की मग सरळ मराठी वापरा, सगळी गल्लतच संपेल. लिहून देणार आणि मयत या शब्दांचं मी एवढं कौतुक केल्यावर हे ऐकून घेणं भाग आहे. पण शुद्ध मराठीही गल्लतीबाबत गरीब नाही (अरबी अर्थानं तर मुळीच नाही). अधिनियम, अध्यादेश, अधिसूचना, आदेश. अधिनियम सभागृहात मंजूर होतो. सभागृह बसलेलं नसताना राज्यपाल काढतात तो अध्यादेश, आणि सभागृह पुन्हा बसल्यावर त्याला सहा आठवड्यांचंच आयुष्य असतं. अधिसूचना राजपत्रात येते. आणि मंत्रालयातून निघणारा रोजचा कागद, तो शासन निर्णय, ज्याला अख्खा महाराष्ट्र जीआर म्हणतो. वर्तमानपत्रं यातल्या कशालाही अध्यादेश म्हणतात. जीआर निघाला की अध्यादेश निघाला अशी ठळक बातमी येते, आणि राज्यपालांना ती सकाळी चहाबरोबर वाचून कळते. या जोडीत खरंच नुकसान आहे, कारण एकाला कायद्याचं बळ आहे आणि दुसरा मंत्रालयातल्या एका सहीनं बदलतो. गावाकडच्या माणसानं इथं जीआर हा इंग्रजी शब्द निवडला आणि तो जीआरलाच वापरतो. निर्दोष मराठी लिहिणाऱ्या संपादकापेक्षा या बाबतीत तो बरोबर आहे.

आणि हे सगळं एकतर्फी चालत नाही. आपण त्यांची स्पेलिंगं चुकवतो याची खंत आपण एवढी बाळगतो, पण त्यांच्या लिपीनं आपल्या नावांचं काय केलं याची यादी कुणी छापत नाही. ढोकी हेच नाव रोमन लिपीत डी-एच-ओ-के-आय. त्या डी-एचमध्ये ढ आणि ध दोघांना दाटीवाटीनं बसावं लागतं, त्यामुळं बाहेरचा माणूस धोकी वाचतो आणि गावाबद्दल नसती शंका घेतो. शेजारच्या तेरचा किस्सा तर फार जुना. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात तगर नावाच्या मोठ्या बाजारपेठेचा उल्लेख आहे, जिथला माल गाड्यांवर लादून भडोचला जायचा. ते तगर कोणतं यावर पंडितांनी कुणी दौलताबादवर बोट ठेवलं, कुणी जुन्नरवर. १९०१ मध्ये फ्लीट या इंग्रज संशोधकानं ते तेर असल्याचं मांडलं. एका परदेशी कानानं टिपलेलं नाव आपल्या गावाला परत पोचायला अठराशे वर्षं लागली, आणि त्याबद्दल ग्रीसमध्ये कुणाचे गुण कापले गेले नाहीत. आज हे काम मोबाइल करतो. रोमन अक्षरांत मराठी टाइप करणाऱ्यांच्या निरोपांत काल, काळ, कळ आणि कल सगळे एकाच चार-अक्षरी, कधी तीन-अक्षरी झग्यात येतात. कारखान्याची मळी, बागेतला माळी आणि आफ्रिकेतला माली देश, तिघांचंही एम-ए-एल-आय. टँकर निघाला, आत एम-ए-एल-आय आहे, असा निरोप ढोकीत आला तर टँकरमध्ये कोण बसलंय असं कुणी विचारत नाही. विचारतात ते किती टन आहे आणि पैसे कधी.